चाकाला हात लावू नये

६ नोव्हेंबर

शनी सापडला! कडीसकट! गच्चीवर एकटाच होतो, नाहीतर कोणाला तरी मिठीच मारली असती.

इतके दिवस त्या दुर्बिणीतून मी पाण्याच्या टाक्या आणि लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत होतो. आज चष्मा काढून खिशात टाकला, चित्र स्पष्ट करायचं चाक सावकाश फिरवत आणलं — आणि तो समोर हजर! चिमुकला, पितळेतून कोरून काढल्यासारखा. आमच्या शहराला आभाळ असं नाहीच. दिव्यांचा उजेड वर जाऊन साचतो आणि रात्र चहाच्या रंगाची होते. त्यातून चार-दोन दांडगे तेवढे वर डोकं काढतात. शनी दांडगा आहे. आवडला आपल्याला.

७ नोव्हेंबर

हिला वर बोलावलं. गुडघा धरत आली. डोळा लावला न लावला तोच "दिसला हो, छान आहे" म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून खाली पळाली.

९ नोव्हेंबर

समोरच्या औषधवाल्यांकडे गेलो. त्यांचा हिरवा बोर्ड थेट आमच्या गच्चीवर उजेड मारतो. संध्याकाळी तासभर बंद ठेवाल का, म्हटलं. ते बाटल्या लावता लावता शांतपणे म्हणाले, हा बोर्ड बसवला कोणी? मी. दोन गल्ल्यांवरून दिसला नाही तर उखडून नेईन, असं कोण म्हणालं होतं? तेही मीच. घ्या! बोर्डांचा धंदा इतका चोख केला की आता माझ्याच डोळ्यांत जातोय. शिडीवर चढून दुकानांची नावं रंगवत होतो तेव्हापासून आजवर निम्मं शहर मीच उजळलंय. आभाळाने तक्रार न्यायची कोणाकडे?

पण माणूस भला. बोर्डावर पोतं टाकू दिलं. वर शनी बघायलाही आले. "वा, वा," म्हणाले.

१२ नोव्हेंबर

काल माझ्या कारखान्यातल्या वेल्डरला घेऊन आलो होतो. बघता बघता त्याचा हात चाकाला लागला आणि शनीचा झाला धूर! पुन्हा जुळवेपर्यंत माझी मान मोडली. आज कारखान्यात पोचल्या पोचल्या एक छोटी पाटी कापून घेतली. पांढऱ्यावर लाल अक्षरं — चाकाला हात लावू नये. दुर्बिणीला चिकटवली. काय सुबक झालीय!

१५ नोव्हेंबर

काहीतरी खटकतंय.

गिऱ्हाईक "बघतो, कळवतो" म्हणालं की ते कळवणार नाही हे मला आवाजावरूनच कळतं. माझा निम्मा धंदा कानांवर चालला. हिचं "दिसला" तसंच वाजतं. रोज. आज मुद्दाम विचारलं, कडी कुठल्या बाजूला कललीय गं? हवेत हात फिरवून म्हणाली, "अशी... दोन्हीकडे."

सासूबाईंचं असंच होतं. किती वर्षं "दिसतंय की मला" म्हणत राहिल्या! मग एक दिवस चहा कपाच्या बाहेर ओतला, माझ्या हातावर. तोवर उशीर झालेला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, हे आईकडून लेकीकडे येऊ शकतं, लक्ष ठेवा. मी काय लक्ष ठेवलं? बोर्डांवर!

ही आता सासूबाईंच्या तेव्हाच्या वयाची आहे.

१६ नोव्हेंबर

फिरायला नेऊन लांबच्या पाट्या वाचून घेतल्या. धडाधड वाचल्या. जरा हायसं वाटलं. घरी आल्यावर ध्यानात आलं — पाट्या सगळ्या माझ्याच. हिला पाठ आहेत!

१७ नोव्हेंबर

ही सुईत दोरा ओवत होती तेव्हा दाराआडून बघत उभा राहिलो. पहिल्या फटक्यात ओवला. मला पकडलं. "अहो, काय चोरासारखे बघताय?" काही नाही म्हटलं. सासूबाईही शेवटपर्यंत ओवायच्या.

डोळे तपासून घेऊ, म्हटलं. मला काय धाड भरलीय, म्हणाली.

१८ नोव्हेंबर

थाप मारली. माझा नंबर वाढलाय, मला एकट्याला जायला भीती वाटते, सोबत चल. लगेच तयार झाली. माझ्यासाठी ही कुठेही येईल. स्वतःसाठी जिन्यापर्यंत नाही.

१९ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. हिला बाहेर फॉर्म भरायला बसवलं तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. आधी हिला तपासा म्हटलं. हिने माझ्याकडे असं काही बघितलं! पण बसली यंत्रापुढे. मी भिंतीवरची अक्षरं किती वाकडी बसवलीत ते बघत होतो आणि मला एकही वाचता येत नव्हतं.

डोळे उत्तम आहेत, म्हणाल्या. दाब ठीक, नस ठीक. आईंना होता म्हणून दर वर्षी येत जा, बस.

मग शनी का दिसत नाही, मी विचारलं. बाई हिला म्हणाल्या, तुम्हाला नक्की दिसतं काय?

ही खाली बघून म्हणाली, "पाण्यात साबण विरघळल्यासारखं."

"मग रोज छान आहे का म्हणायचीस?"

"तुम्ही इतके खूश होता. तुमचा विरस कशाला करायचा?"

बाईंनी माझा चष्मा मागितला. उजेडात धरून त्यांची भिवई वर गेली. हा एवढा जाड चष्मा काढून तुम्ही दुर्बिणीचं चाक लावता? मग ते तुमच्या डोळ्यापुरतं लागतं. बाकीच्यांनी आपापल्या डोळ्याला फिरवून घ्यायला हवं. फिरवू देत नाही का तुम्ही?

हिने पदरात तोंड लपवलं. "पाटी लावलीय हो त्यांनी," एवढंच म्हणाली आणि मग आम्ही तिघं हसत सुटलो. माझे डोळे हसता हसता जरा जास्तच भरले. ते भीतीचं पाणी. आता निघून गेलं.

२० नोव्हेंबर

वेल्डरला विचारलं, खरं सांग, त्या दिवशी तुला काय दिसलं होतं? आधी इकडेतिकडे केलं. मग म्हणाला, "साहेब, मला वाटलं शनी असाच असतो."

औषधवाले म्हणाले, त्यांना धुकंच दिसलं होतं, पण शनीपायी मी त्यांचा बोर्डसुद्धा झाकलेला, मग बोलायचं कसं!

पाटी काढली. गोंद माझाच, निघता निघेना.

२१ नोव्हेंबर

ढग.

२२ नोव्हेंबर

हिने स्वतः चाक फिरवलं. फिरवत गेली, थांबली. "दिसला" म्हणाली नाही. खाली कुकरच्या शिट्ट्या झाल्या, हिला पत्ता नाही. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, बघू, मला दे.

डोळा न हलवता हिने मला कोपराने मागे सारलं. "थांबा हो. माझं बघून व्हायचंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य हिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

थांबलो.