चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांची फळी कोणाकडे जावी

मी, गोपाळ चंपतराव ठवकर, वय अठ्ठावीस, धंदा पाट्या रंगवणे, राहणार मंगळवारी, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. पुढच्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘काळजी करू नका’ असे दोनदा म्हणाले, म्हणून लिहितो आहे.

१. माझे थोरले बंधू रुपराव १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या लढाईत बेपत्ता झाले. बाबांनी दिल्लीच्या चिनी वकिलातीमार्फत तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र पाठवले. उत्तर आले नाही. मंत्री बदलला की नवे पत्र, हा घरचा नेम झाला. नवा साहेब जुनी फाईल उघडून पाहतो, असे बाबा म्हणत.

२. बाबा १९७२ साली दुसऱ्या मंत्र्याला लिहायला बसले, तेव्हा कौशल्यावहिनी म्हणाली, “बाबाजी, त्यायचे मंत्री मरून राहिले, दुसरे येऊन राहिले. माहीच जागा काहून अडवून ठेवता?” बाबांनी पत्र पुरे करून पाकीट चिकटवले. पुढल्या वर्षी तिने मौद्याला पाट लावून दुसरे घर केले. मी ओरडलो, “दादा आला तर तुले दारात उभं करणार नाही!” ती म्हणाली, “तो आला तर निरोप धाड गा. मी पायी येईन.”

३. शाळा-कचेऱ्यांत साहेबांची नावे ‘पासून’, ‘पर्यंत’ अशी लिहिलेली फळी असते. तशी एक मी घरी रंगवली आहे: चेन यी, ची पेंग-फेई, चिआओ कुआन-हुआ, हुआंग हुआ, वू श्युएचियान. बाबा वारल्याचे पत्र मी १९७६ च्या डिसेंबरात, नुकत्याच पदावरून उतरलेल्या मंत्र्याच्या नावाने टाकले. तेव्हा आठ दिवस मौद्याला शाळेच्या पाट्या करत होतो, बातमी वाचायची राहिली. नवे पत्र लगेच पाठवले, तरी दादाचा पत्ता त्या एका चुकीत अडकला असे अजून वाटते. त्या आठ दिवसांत वहिनीच्या दारावरून रोज सायकलने गेलो. उतरलो नाही.

४. माझी सायकल शेजारचे दुकानदार भैय्याजी यांना द्यावी. “काय गा, तुह्या चिनी साहेबाचं उत्तर आलं का?” असे ते रोज चारचौघांत विचारतात. मला राग येई. पण दादाबद्दल विचारणारे आता तेवढेच आहेत.

५. सात वर्षांनी कायदा माणूस मेला असे धरतो, हे वकिलांनी सांगितले. मी तसे धरत नाही. तरी दोन खोल्यांचे घर कौशल्यावहिनीला देतो. दारावरच्या पाटीवर बाबांचे आणि दादाचे नाव आहे, ते राहू द्यावे. माझे लिहिलेले नाही, दादाला विचारून लिहिणार होतो.

६. फळी, ब्रश आणि पत्रांच्या नकला वहिनीलाच. लिहिलेच पाहिजे असे बंधन नाही. वू यांच्यापुढचा ‘पर्यंत’ कोरा आहे, आणि खाली चार नावांच्या रेघा आखून ठेवल्या आहेत. दादा आता बेचाळीसचा आहे, त्या भरेपर्यंत साठीचा होईल. त्यानंतर फळी वाढवू नये.

वरील मजकूर गोपाळने आम्हाला वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली.

सही: गोपाळ चंपतराव ठवकर
साक्षीदार: महादेवराव बावनकर, कुसुमताई निखारे

नागपूर, रविवार, ६ मार्च १९८३