आभार न मानल्याबद्दल

नॉर्लांड, जूनचा तिसरा रविवार

आदरणीय एल्सीवन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. तुमच्या त्या पिओनीच्या फुलझाडापायी माझी पाठ धरलीय, त्यामुळे सध्या मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करते, गायीलासुद्धा.) तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. तुमचे बंधुराज तोडलेले ओंडके प्रवाहात सोडायला नदीवर गेलेत, त्यामुळे घर शांत आहे, पण ते घरी असले तरी तितकंच शांत असतं. आईंची तब्येत तोळामासा, जीभ मात्र ठणठणीत.

तुमचं कार्ड पोचलं. "तीन वर्षांमागे आईसाठी मूळ खणून, शेवाळात गुंडाळून पाठवलं, त्याबद्दल अजून एका शब्दानं आभार नाहीत, उत्तरेत माणुसकी गोठली वाटतं," असं तुम्ही लिहिलंत. अहो वन्सं, तुम्ही इथल्याच ना? कुणी दिलेल्या रोपाचे आभार मानले की रोप मरतं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दक्षिणेत जाऊन गोड बोलायला शिकलात आणि नेमकं हेच विसरलात! खोकं उघडलं तेव्हा माझ्या तोंडून "वन्संचे आभा..." एवढं निघालं होतं, तर आईंनी अंथरुणातून काठी अशी हाणली की नडगी आठवडाभर निळी. म्हणाल्या, "तोंड मीट! मारतेस का त्याला?" तेव्हापासून ह्या घरात कुणी तुमचे आभार मानलेले नाहीत, आणि ते किती जपून मानलेले नाहीत ते आता वाचा. (मी शाळेत फारशी गेले नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मास्तर दिवसाआड यायचे आणि ते यायचे त्याच दिवशी आमची गाय व्यायची. तेव्हा चुका पोटात घाला.)

लावायलाच माझी पहिली चूक झाली. मी खोल खड्डा खणून मूळ तळाशी ठेवलं, म्हटलं बिचाऱ्याला थंडी वाजायला नको. आई खिडकीतून बघत होत्या. काच खडखडली. "बटाटा लावतेयस की मढं पुरतेयस? वर घे! दोन बोटं माती पुरे!" वर घेतलं. दोन जून गेले, नुसती पानं. मी रोज जाऊन त्याच्याशी बोलायचे, म्हणजे खडसवायचे. आमच्याकडे गायसुद्धा एवढी वर्षं फुकट खात नाही, असं सांगून पाहिलं. शेजारच्या ओटिलियाच्या कुंपणाशी लायलॅक घमघमायचा, ट्यूलिप रांगेत उभे, आणि माझ्या वाफ्यात पानांचा एक झुपका, एखाद्या सरकारी माणसासारखा, धष्टपुष्ट आणि बिनकामाचा.

मग ह्या हिवाळ्यात डॉक्टर येऊन गेले. मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, मागतील ते खायला घाला. आईंचे कान तुम्हाला माहीत आहेत. पलीकडून ओरडल्या, "मला खायला नको, माझं लाल फूल बघायचंय! ते बघेन आणि जाईन!" आता सांगा, अशा माणसासाठी मी काय फुलाला घाई करू की फुलाला थांबवू? पण मे संपता संपता बर्फ वितळलं, लालसर कोंब वर आले, आणि एका कोंबावर कळी दिसली. एकच. सुपारीएवढी. तेव्हापासून मी सकाळी उठून आधी आईंचा श्वास बघते, मग कळी बघते, मग कॉफी ठेवते.

पुढचं सगळं माझ्या उतावळेपणाचं फळ. एके दिवशी बघते तर कळीवर मुंग्याच मुंग्या. मी साबणाचं पाणी करून कळी लख्ख धुतली, बाळाला न्हाऊ घालतात तशी. खिडकी अशी वाजली की मला वाटलं काच गेली. "अगं करंटे! मुंग्या चाटल्याशिवाय ती उमलत नाही!" (खरं असेल, नसेल. तुमच्या आईशी वाद कोण घालणार?) मग मुंग्यांना परत बोलवायला मी कळीवर पाक ओतला. मुंग्या आल्या, नाही असं नाही, पण पाकाचं भांडं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं, म्हणून त्या घरातून आल्या. त्या दिवशी शिवणमंडळाची कॉफी नेमकी माझ्याकडे. सात तऱ्हेची बिस्किटं मांडली होती. ओटिलियानं दोन खाल्ली आणि म्हणाली, "डाग्नी, यंदा खसखस घातलीस का गं? छान लागतेय." मी हो म्हणाले. अजून कृती विचारते.

त्यानंतर आल्या लोखंडी रात्री. तुमच्याकडे जूनमध्ये लोक उन्हानं सोलून निघतात, इथे त्याच महिन्यात रात्री दव गोठून त्याचं लोखंड होतं, हे तरी विसरला नसाल. सगळ्या गावानं आपापल्या वाफ्यांवर चादरी घातल्या. माझ्या चादरी वाळत होत्या. हाताला लागली ती तुमच्या भावाची लोकरीची लांब विजार. झाडाभोवती काठ्या रोवल्या, विजार वरून चढवली, नाडी बांधली. सकाळी आईंना प्रार्थना ऐकवायला पाद्रीबाबा आले. त्यांची नजर अधू, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना वाटलं हेल्मर वाफ्यात ओणवा होऊन तण काढतोय. टोपी काढून म्हणाले, "देव तुझ्या कष्टांना यश देवो, हेल्मर." आणि आत येऊन आईंना सांगितलं, मुलगा आता पहिल्यापेक्षा जास्त ऐकून घेतो.

आई हसल्या हो, वन्सं. उशी तोंडावर दाबून हसल्या. मग दम लागला. मी पाठ चोळत बसले तर म्हणतात, "एल्सी असती तर लोळली असती." तुमचं नाव मी त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकलं. लग्न करून जाताना तुम्ही त्यांच्या लाल पिओनीचा अर्धा गड्डा न विचारता ओच्यात घालून नेलात, आणि उरलेला अर्धा त्याच हिवाळ्यात गेला. तेव्हापासून त्यांचं एकच, पोरीनं फूल नेलं. आणि तुमचं एकच, आईनं मुळापायी लेक टाकली. दोघी नाताळच्या कार्डापुरत्या उरलात, आणि ती कार्डं लिहिते कोण, तर मी, चार बुकं न शिकलेली. म्हणून म्हणते, आभारांसाठी रुसू नका. ह्या घरात तुमच्या मुळाबद्दल सगळे तोंड शिवून आहेत, ते मूळ जगावं म्हणूनच.

कळी अजून मिटलेली आहे. काल मी बोटांनी जरा उकलून बघायला गेले. लगेच खिडकी. "बाळंतपण आहे ते, वाटाण्याची शेंग नव्हे!" तेव्हा पुरे करते. यजमानांना नमस्कार.

तुमची भावजय
डाग्नी

ता.क. खरं लिहायचं ते राहिलंच. आईंनी परवा माझ्याकडून वरच्या खोलीतला तुमचा पलंग पुसून घेतला. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "धूळ बसते." धूळ तुम्ही गेलात तेव्हापासून बसतेय. काल म्हणाल्या, "दक्षिणेची गाडी अजून दुपारचीच येते का?" मी म्हटलं, कुणी येणारंय का? तर, "मला काय ठाऊक! गाडीबद्दल विचारलं." वन्सं, त्या बोलवायच्या नाहीत, तुम्ही विचारायच्या नाहीत, आणि डॉक्टर काय म्हणाले ते वर लिहिलंच आहे. म्हणून मीच बोलवते. या. फूल फार तर आठवडाभर टिकतं. कुणी विचारलं तर सांगा, भावजयीला शिव्या द्यायला निघालेय.

ता.क. दुसरा. पाकीट पुन्हा फोडलं. आज सकाळी उमललं. आईंना खुर्चीत घालून मी आणि रात्रीच नदीवरून परतलेल्या हेल्मरनं वाफ्यापाशी नेलं. वन्सं, ते पांढरं आहे. दुधासारखं पांढरं! तुमच्याकडे दहा रंगांचे पिओनी, पानं झडल्यावर कुठलं मूळ कुठलं ते तुम्ही तरी कसं ओळखणार? मला वाटलं आई तिथेच जातात आता. त्यांनी काठीच्या टोकानं फूल जरा वर उचललं. मग म्हणाल्या, "हे आपलं नाही. म्हणजे ह्याचे आभार मानायला हरकत नाही. लिही तिला, आईनं खूप खूप आभार मानलेत." मग जराशानं, "आणि लाल घेऊन स्वतः ये म्हणावं. पोस्टानं काय येतं ते बघितलं." मी म्हटलं, आई, ते मूळ तर उन्हाळा सरताना काढतात, आणि लावल्यावर फुलायला तीन वर्षं. तर म्हणाल्या, "मग? थांबेन की."

म्हणजे आणखी तीन वर्षं ती काठी आणि ती खिडकी. त्याबद्दल, वन्सं, माझ्याकडूनही खूप खूप आभार. लालचे मानणार नाही.