सुकाणाचा बुश

१२ जून
उत्तनचा माणूस आज पुन्हा बोट बघून गेला. ताडपत्री उचलली, मागे जाऊन सुकाण दोन्ही हातांनी हलवलं. खडखड वाजलं. म्हणाला, "बाई, ह्या फटीत माझी मूठ जाईल."
मूठ जात नाही. करंगळी जाते. मी घालून बघितली आहे.
नारळी पौर्णिमेपर्यंत काय ते सांगा म्हणाला. तेरा महिने बोट वाळूवर उभी आहे. बोट चालवायला बाहेरचा तांडेल तिच्यावर चढायला तयार नाही. मोरू, माझा धाकटा दीर, एवढी वर्षं तोच चाकावर असायचा. तो आता हात लावणार नाही म्हणतो. त्याने नेली नाही तर उत्तनवाल्याला विकावी लागेल.

१४ जून
मोरूकडे गेले. नायगावला एका टॉवरवर वॉचमन आहे तो आता. दोरीवर युनिफॉर्म वाळत होता. म्हटलं, मोरू, सुकाण उघडायचं आहे, नुसतं बघायला ये.
"वयनी, त्या बोटीचा नाव काढू नको मझ्यासमोर."
त्याची बायको भारती तांब्या ठेवत म्हणाली, "वीस मजल्यांचा तांडेल झालाय तो. लिफ्ट वर नेतो, खाली आनतो."
तो हसला नाही. मीही नाही. भारती एकटीच हसली आणि आत गेली.
निघताना त्याने एवढंच सांगितलं, "चाक फिरवला मी. पूर्न फिरवला. बोट वलली नाय." दरवेळी हेच सांगतो. जणू मी त्याला विचारते आहे.

१७ जून
दोन खलाशी बोलावून सुकाण उतरवलं. सुकाणाचा दांडा ज्या कड्यांत फिरतो त्यांतला खालचा बुश हातात घेतला. आतलं भोक गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं लांबट झालं आहे. वरचा त्या मानाने बरा. चाकाची साखळीही ताणली आहे. चाक पाव फेरा रिकामंच फिरतं, मग सुकाण हलतं.
पाव फेरा. आमचे हे, मोरूचे दादा, मागे अडकलेलं जाळं सोडवताना पाण्यात गेले. मोरूने लगेच चाक मारलं. बोट सरळ पुढे गेली, मग वळली. तोवर हात दिसेना. चौथ्या दिवशी मिळाले.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना फट माहीत होती. गेल्या वर्षी चैत्र पौर्णिमेच्या उधाणाला बोट वाळूवर ओढून सुकाण उघडायचं म्हणाले होते. त्याच दिवशी आमच्या लेकीची, संगीची हळद. बोट ओढायला वीस माणसं लागतात आणि ती सगळी मला मांडवात हवी होती. म्हटलं, पुढच्या उधाणाला ओढा, पंधरा दिवसांत काय बिघडतं.
"बरं, तुझं खरं," म्हणाले.
अकराव्या दिवशी गेले.

१९ जून
वाचनालयातून यंत्रांचं एक जुनं पुस्तक आणलं. बुशवर दीड पान आहे. संगीच्या शाळेच्या पुस्तकांतून मी वाचायला शिकले, तेव्हा ती चौथीत होती. जोडाक्षरं अजून तोंडाने म्हणावी लागतात. दीड पान दुपारभर पुरलं. दांडा आणि बुश यांच्यात फट जितकी कमी, तितकी झीज कमी, असं त्याचं सार. ती ओळ वहीत उतरून घेतली.

२३ जून
पापडीला इनासभाऊंच्या लेथवर गेले. ते कारखान्यांच्या मशीनचे बुश करतात. जुना बुश हातात फिरवून म्हणाले, "बाय, ह्याने पेन्शन घेतली, तरी तुम्ही कामाला लावलात." नायलॉनचा करतो म्हणाले. मी त्यांना पुस्तकातली ओळ वाचून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.
"तुम्हीच वाचली? मग मला काय सांगायला ठेवलंत?"
म्हटलं, फट अजिबात नको. दोरासुद्धा जाता कामा नये.
"नाही जाणार." दोन जोड करायला सांगितले, एक जास्तीचा. माप जुळवायला दांड्याच्या जाडीचा एक तुकडाही त्यांनी कापून दिला.

२ जुलै
बुश बसले. दांडा घालताना लाकडी हातोडी लागली. साखळीच्या दोन कड्या कमी केल्या. सुकाण हलवून बघितलं. आवाज नाही. किनाऱ्यावर उभी राहून किती वेळ हलवत होते कोण जाणे. खलाशी म्हणाला, "काकी, पुरे. ती काय झुला हाय?"
संगीचा फोन. जेवलीस का विचारलं. जेवले म्हटलं आणि खरंच जेवले होते.

५ जुलै
मोरू आला. बोलावलं नव्हतं. खलाशाने त्याला सांगितलं असणार. युनिफॉर्मवरच, हातात डबा. चपला काढून बोटीच्या मागे गेला. एका हाताने सुकाण ढकललं, मग दुसरा हात लावावा लागला. वाकून बुशजवळ बघितलं.
"कोनी केला?"
सांगितलं.
"एवढा घट्ट का?"
सांगितलं. पुस्तकाचंही.
"वयनी, पुस्तकातला बुश तेलात फिरतो. हा पान्यात. नायलॉन पानी पितो, फुगतो. आता दोन हातांनी फिरतं. चार दिवस पान्यात राहिली की चौघांनी नाय फिरनार. खडकासमोर जाम झाला म्हंजे?"
चौदा महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा एवढं बोलला.
"खोटं वाटत असंल तर जास्तीचा हाय ना, बादलीत टाक."

६ जुलै
समुद्राचं पाणी आणून जास्तीचा बुश बादलीत टाकला. दांड्याचा तुकडा आज त्यात हाताने गेला. जोर लावून, पण गेला.

१० जुलै
आज गेला नाही. हातोडी मारली, तरी नाही.
बादलीसमोर बसून राहिले. मीच सांगून करून घेतलं होतं. दोरा जाता कामा नये म्हणून.

१३ जुलै
मोरूची सुट्टी. स्वतःची कानस आणि पॉलिश पेपर घेऊन आला. बोटीवर चढला नाही. बुश काढून वाळूवर बसला आणि आतून घासायला लागला. मग घरात येऊन कॅलेंडरचं जूनचं पान फाडून नेलं. दादा असंच करायचा म्हणाला: दांडा घालायचा, मध्ये कॅलेंडरचा कागद, तो सगळीकडून सरकला पाहिजे. एवढी फट कोरड्यात ठेवायची, मग पाण्यात बरोबर होतं.
पाहत बसले. हात अगदी ह्यांच्यासारखे चालतात.
चहा दिला. त्याने वर न बघता घेतला. म्हणाला, "उत्तनवाल्याला चांगली बोट मिलनार."
"तू नाही नेणार?"
"मना चाक दिसला की दादाचा हात दिसतो. मीच वललो नाय वेलेवर."
तेव्हा सांगितलं. म्हटलं, मोरू, त्या हळदीच्या पौर्णिमेला दादा बोट ओढणार होता. मी थांबवलं.
कानस थांबली.
"मना बोलला, खाली घालायला ओंडके नाय मिलाले."
हे मला माहीत नव्हतं. माझं नाव यायला नको म्हणून ह्यांनी भावाला खोटं सांगितलं. मांडवात उभे राहून, माझ्यासमोरच सांगितलं असेल. मी हळद वाटत असेन.
मोरूने कानस पिशवीत टाकली. हात धुतले. अर्धा घासलेला बुश माझ्या शेजारी ठेवला आणि गेला. चहा तसाच.

१४ जुलै
भारती आली. दारातच उभी.
"चौदा महिने तो झोपेतून उठून बसतो. मी पाठीवर हात फिरवते, बोलते, तुझी चूक नाय. आनि तुला ठावं होता."
हो म्हटलं.
"मग आता का सांगितलास? बोट पायजे म्हनून?"
खरं काय ते मलाही नीट सांगता येईना. बोट हवी होती, हे खरं. त्याला स्वतःला दोष देताना बघवत नव्हतं, हेही खरं. कोणतं आधी, ते माहीत नाही. तसंच सांगितलं.
"आत ये," म्हटलं.
आली नाही.

१६ जुलै
अर्धा राहिलेला बुश आणि दुसराही मी घासला. दोन दिवस लागले. नायलॉनचा पांढरा कीस पदरावर, केसांत. थोडं घासायचं, दांडा घालायचा, कागद सरकवायचा. एका बाजूने सरकतो, दुसऱ्या बाजूला फाटतो. फाटतो तिथे पुन्हा घासायचं. जून संपला, मे काढला. मग सगळीकडून सरकला.
इनासभाऊंना फोन करून सांगितलं, पाण्यातल्या बुशला फट लागते. म्हणाले, "बाय, दर्याला मी कधी गिऱ्हाईक म्हणून बघितलं नव्हतं. माझ्याकडून चूक झाली." म्हटलं, तुमची नाही, मीच वाचून दाखवलं होतं.

२० जुलै
संगीचा फोन. आवाज कसा झालाय विचारलं. धूळ गेली म्हटलं. तिला सांगायचं नाही. हळद तिची होती. आता हे तिघांना ठाऊक आहे, चौथ्याला नको.

२५ जुलै
अमावास्येचं उधाण. बोट पाण्यात उतरवली. विसाच्या वर माणसं आली, कोणाला बोलवायला लागलं नाही. मोरू नव्हता. भारती लांब, धक्क्यावर. बोट तरंगली तेव्हा तिने हात जोडले. बोटीला जोडले, मला नाही.

२९ जुलै
चार दिवस बोट पाण्यात. आज चाक फिरवायला मीच चढले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. एका हाताने फिरतं. फिरवलं की लगेच मागे सुकाण हलतं, पायाखाली कळतं. खडखड नाही.
चाकावरून हात काढावासा वाटेना. हे तिथे उभे राहत ती फळी एका जागी गुळगुळीत झाली आहे.
उत्तनच्या माणसाचा फोन आला. पौर्णिमेला सांगते म्हटलं.

८ ऑगस्ट
नारळ सोडला. बँड, गर्दी, नव्या साड्या. मोरू पांढरा शर्ट घालून. नारळ पाण्यात गेल्यावर लोक पांगले, तेव्हा माझ्याजवळ आला. पाण्याकडे बघत उभा.
"तू थांबवल्यावर दादा काय बोलला?"
"बरं, तुझं खरं."
"भांडला नाय?"
"नाही."
"तो कोनाशी भांडलाच नाय कधी," म्हणाला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.
मग म्हणाला, "बुश कोनी पुरा केला?"
"मी."
"चाक फिरवून बघितला मी सकाली. बरोबर हाय."
म्हणजे आज आम्ही सगळे यायच्या आधी, कोणी नसताना, तो बोटीवर चढला होता.
"बोट मी नेतो. परवा. पन वयनी, तुझ्या घरात मी जेवनार नाय. आता तरी नाय."
बरं म्हटलं.
उत्तनला फोन केला, बोट द्यायची नाही.

१० ऑगस्ट
पहाटेच्या भरतीला गेली. पाच दिवसांसाठी. मोरू चाकावर. धक्का सोडताना बोट डावीकडे घ्यायची असते, खांब चुकवून. त्याने चाक मारलं आणि ती त्याच क्षणी वळली. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनीही मान हलवली. तो मागे वळून बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.
भारती माझ्या शेजारी उभी राहिली, बोट दिसेनाशी होईपर्यंत. जाताना म्हणाली, "पायरी निसरडी हाय, जपून उतर."
सात माणसांचं पाच दिवसांचं राशन नेहमीप्रमाणे मीच भरलं. तांदूळ, डाळ, मसाला माझ्या हातचा. डब्यांवर नावंही मीच लिहिली. मोरूला माझं अक्षर ओळखू येतं.
बोटीवर दुसरं काही खायला नाही.