काळ्या राणीचे सूप

ह्युऑनव्हिल, ९ जानेवारी

ती. मॉर्वेनाआत्यांस,

इमोजेनचा वाकून नमस्कार (दिवसभर वाफ्यांत वावरून तो आता आपोआप घडतो). तुमचा नवा गुडघा लॉन्सेस्टनच्या जिन्यांशी जुळवून घेत असेल, अशी आशा आहे. येथे मी, गुलाब आणि टोमॅटो खुशाल आहोत. टोमॅटो तुमच्या आज्ञेप्रमाणे ऑक्टोबरातल्या कृषी-प्रदर्शनाच्या सुट्टीनंतरच, थंडी सरल्यावर, बाहेर लावले. एक दिवस आधी लावले असते, तर अख्ख्या गल्लीने कुंपणावरून मान हलवली असती.

आता डेलियाविषयी. पुढचे अंगण पाहण्यासाठी, मागचे खाण्यासाठी, हा तुमचा दंडक मी पाळलाच. घोटाळा अवजारांच्या खोलीतल्या दोन खोक्यांनी केला. तुम्ही लॉन्सेस्टनला गेल्यावर जुलैच्या हिवाळी ओलीत गोगलगायींनी त्यांवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या. एकात रताळ्यासारखे सुबक कंद, दुसऱ्यात आल्यासारखे वेडेवाकडे. एक खोके डेलियाचे, दुसरे सुपाच्या कंदांचे (सूर्यफुलाच्या भावकीतले ते). कोणते कशाचे, हे कुतूहल स्वस्थ बसू देईना आणि शेजारच्या नेव्हिलकाकांना विचारण्याचा संकोच वाटे. शेवटी मी तर्क केला : इतके कुरूप कंद कोणी खाण्यासाठी जपणार नाही, त्यांतून नक्कीच सुंदर फुले येत असणार. या तर्कात मला आजही दोष दिसत नाही.

सुबक कंदांचे सूप केले. नेव्हिलकाका अंडी द्यायला आले, ते दोन वाडगे पिऊन गेले. "पोरी, तुझ्या आत्याच्या हाताला ही चव नाही," असे ते म्हणाल्यावर मी इतकी लाजले, की पुढचे तीन रविवार खोके संपेपर्यंत त्यांना डबा पोचवला.

वेडेवाकडे कंद ऑक्टोबरअखेर पुढच्या अंगणात ओळीने लावले. नाताळापर्यंत ते कुंपणाच्या वर गेले. काल नेव्हिलकाकांनी त्यांतले एक सूर्यफुलासारखे खरखरीत पान चोळून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पोटाकडे. मार्चच्या पुष्पप्रदर्शनात नऊ वर्षे तुमच्या ज्या 'काळ्या राणी' डेलियामागे ते दुसरे येतात, ती त्यांनी मीठ-मिरी घालून संपवली होती. ते पायरीवरच बसले.

"हरवायचं होतं गं तिला," म्हणाले. "पण असं नव्हे."

तुमच्या सासूबाईंनी दिलेला वाण माझ्या हातून बुडाला. रागवा, मी ऐकून घेईन.

आपली,
इमोजेन

ता. क. : वाण बुडालेला नाही. आज सकाळी नेव्हिलकाकांनी मला त्यांच्या खुराड्यामागे नेले. तेथे काळी राणी आहे, कळ्यांसह. ती तेथे कशी आली हे कोणी विचारू नये, या अटीवर ते ती परत देतील. कृपया विचारू नका.

आणखी एक : मी विचारले. चार वर्षांपूर्वी, तुम्ही चर्चमध्ये असताना, एक कंद. प्रदर्शनात त्यांनी ती कधीच नेली नाही. सकाळचा चहा तेवढा तिच्यासमोर घेतात. म्हणून, हे सारे पत्र ज्यासाठी लिहिले ती विनंती : यंदा प्रदर्शनात राणी तुम्हां दोघांच्या नावाने मांडू द्यावी. तशीही ती आता बरीचशी त्यांच्यातच आहे.