तपकिरी माल्ट आणि शेवंताबाईंची भट्टी

६ नोव्हेंबर १९९३, परभणी
महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकविसावा प्रयोग भस्मसात. ओव्हन निर्दोष, दोष अस्मादिकांत. जुन्या काळचा इंग्रज आपल्या काळ्या बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव असे भाजी की दाणा लाहीसारखा फुगे. तेच तपकिरी माल्ट. आमचा दाणा एकतर रुसतो, नाहीतर कोळसा होतो. पीएच.डी.चे सहावे वर्ष, वयाचे एकोणपन्नासावे, आणि जिव्हा बिअरपासून अद्याप अलिप्त. सौ. म्हणाली, "लोकं दारू सुटावी म्हणून डॉक्टरकडं जायलेत, तुमी दारूचेच डॉक्टर व्हायलेत."

९ नोव्हें.
स्टेशनाजवळच्या गल्लीत फुटाण्यांची भट्टी. भट्टीवाल्या शेवंताबाईंनी दाणा दाताखाली धरला. "सर, हे लय वाळलंय. वलं करा. अन् जाळ हळूहळू न्हाई, शेवटाला एकदम द्यायचा." पाणी शिंपडून दोन तास पोत्याखाली ठेवले. कापसाच्या पळाट्यांचा जाळ, तापलेली वाळू, एक मूठ माल्ट. तडतड. फुगले! आतून तपकिरी, वास करपट-गोड. सहा वर्षांच्या तपश्चर्येचे फल दोन मिनिटांत.
ज्याने या विषयाच्या नादी लावले ते रद्दीत मिळालेले जुने इंग्रजी पुस्तक घरी येऊन उघडले. ओलसर दाणा, शेवटी प्रखर जाळ: सर्व लिहिलेले आहे. वाक्याखाली माझीच पेन्सिल. समासात माझाच शेरा: 'अशास्त्रीय'.

२ डिसें.
प्रबंधातले शर्कराप्रकरण समाप्त. लिंबाचे सत्त्व घालून साखर उकळत राहिले की काळसर मधासारखा पाक होतो; त्याने बिअरला रंग नि गोडवा. रंगासाठी जळकी साखर घालणे इंग्रजांच्या राज्यात कधी कायदेशीर, कधी गुन्हा. पाक तोच, सरकारची दृष्टी बदले.
भाजण्याला भारदस्त शब्द शोधून आभारात लिहिले: 'भर्जनपद्धती शेवंताबाईंची'. त्यांना सांगितले. "माझं नाव? इंग्रजीत?" मग म्हणाल्या, "जावेला दाखविते. ती म्हनती, भट्टीपाशी जलम काळा केलास."

२१ डिसें.
मार्गदर्शकांनी ते वाक्य लाल शाईने छेदले. "प्रबंध आहे, लग्नपत्रिका नव्हे. परीक्षक विचारतील, संशोधन तुमचं की फुटाणेवालीचं?" प्रश्न यथार्थ, म्हणूनच झोंबला. सही हवी होती. आता वाक्य असे: 'स्थानिक भर्जनयंत्रणेच्या साहाय्याने'. जिवंत बाईचे यंत्र करण्यास मला अर्धे मिनिट लागले. सही मिळाली.

४ जाने. ९४
टंकलिखित प्रत काखेत. गल्लीतून जाऊ नये, गेलो. "सर, वाचून दावा की." जाऊही शेजारी बसलेली. दोघींनाही अक्षरओळख नाही. पान उघडून खणखणीत आवाजात, मराठीत उलगडून वाचले, 'श्रीमती शेवंताबाई यांच्या अमूल्य…'
त्यांनी हात पदराला पुसला, ओळीवर बोट ठेवले. "हे?"
"हेच."
बोटाखाली मार्गदर्शकांचे नाव होते.
जाऊ म्हणाली, "आता आमच्याशी बोलतीस का न्हाई, बाई?" शेवंताबाई हसत होत्या. मला गरम फुटाणे बांधून दिले. घरी कुणाला दिले नाहीत, मीही खाल्ले नाहीत.

१५ जाने.
काल विद्यापीठाचे नामांतर झाले. सोळा वर्षे लागली. एका वस्तीत गुलाल, एका पेठेत दारे बंद. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी, "नावानं कुणाचं पोट भरतंय?" या विषयातला माझा अधिकार ताजा.

२२ जाने.
टंकलेखकाकडे. विद्यापीठाचे नाव नवे, म्हणून मुखपृष्ठ नवे, प्रमाणपत्र नवे, म्हणजे मार्गदर्शकांची सहीही नव्याने. तो म्हणाला, "पुढची पानं पुन्हा मारायलोच हाय, सर. आभारात काही बदल असंल तर आत्ताच सांगा. मंगळवारी बांधणीला जातंय."
जुने वाक्य सांगितले. कसे सांगितले, ठाऊक नाही, तोंडातून गेले. सहीचे काय होईल ते…
त्याने कागद चढवला. "शेवंताबाई. पुढं? आडनाव?"
मला माहीत नाही. सहा वर्षांत इंग्रजांच्या भट्ट्यांचे मालक मुखोद्गत केले. हिचे आडनाव विचारलेच नाही.
सोमवारी सांगतो म्हणालो. भट्टीवर जाऊन विचारावे लागेल. ती म्हणेल, "सर, त्या दिशी माझं नाव वाचलंत की."