गच्चीवरच्या चौकटींबाबत

मी, गीता प्रज्ञेश वाघमारे, वय अडुसष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाब वाढलेला असतो, पण त्याचा शहाणपणाशी संबंध नाही, असं डॉ. त्रिवेणींनी तपासून सांगितलं आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते का रद्द केलं, हे कलम चारमध्ये येईल.

१. राहतं घर मी आणि माझे दिवंगत पती यांनी नोकऱ्या करून बांधलं. ते मुलगा अनिकेत आणि मुलगी पिंकी यांना समसमान मिळावं. दागिने पिंकीचे. दोघांना घर बिल्डरला द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, माझी हरकत नाही. पिंकी मराठी वाचताना अडखळते. हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा; वाचणाऱ्याने मधलं गाळू नये.

२. गच्चीवर जे उभं आहे, त्याला शेजारी भंगार म्हणतात आणि प्रदर्शनवाले मांडणीशिल्प. पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांच्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि खाली चाकं. ढकललं की वेस होते, दुमडलं की गल्ली, गोल फिरवलं की विहार.

हे सुरू झालं ते असं. हिमायतनगरमधला एक बंगला पाडत होते. माझी आई सखू तिथे धुणीभांडी करायची. तिचं येणंजाणं मागच्या दाराने. मी पाडणाऱ्यांकडून पुढचं दार चौकटीसकट मागून आणलं आणि गच्चीवर नुसतंच उभं केलं. आईला हाताला धरून वर नेलं. वाटलं, ती रडेल. ती दारातून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

"गीते, ह्यातली आतली बाजू कोन्ती गं?"

 आतली बाजू ठरवायला मी शेजारी दुसरी चौकट जोडून पाहिली. त्यानंतर तिसरी. आई गेली, मी निवृत्त झाले, तरी जोडणं चालूच राहिलं.

३. वेल्डिंगचं यंत्र, ड्रिल, पकडी आणि सगळी हत्यारं राणीला द्यावीत. गल्लीच्या तोंडाशी तिचं ग्रिलचं दुकान आहे. गच्चीवरच्या कामातला लोखंडाचा प्रत्येक सांधा तिने केलेला आहे.

कौस्तुभ नावाच्या गृहस्थांनी हे काम एकदा प्रदर्शनात मांडलं होतं. लोकांची बोटं चेमटतील म्हणून त्यांनी मला न विचारता बिजागऱ्या वेल्डिंगने पक्क्या केल्या आणि वर म्हणाले, "मॅडम, आता कसं पूर्ण वाटतंय." मी त्याच दिवशी टेम्पो बोलावला. राणी सांधे कापत बसली आणि त्यांचा उद्धार करत राहिली. त्यांनी पुन्हा मागितलं तरी हे काम त्यांना देऊ नये.

४. आधीच्या मृत्युपत्रात मी हे काम एकट्या राणीला दिलं होतं. अनिकेत गच्चीवर यायचाच नाही. "आई, याचं करायचं काय?" एवढंच विचारायचा.

गेल्या दिवाळीनंतर तो बिल्डरच्या माणसाला घेऊन मोजमाप करायला आला. टेप पलीकडे न्यायला वाट नव्हती, म्हणून चौकटींच्या आतून गेला. बराच वेळ बाहेर येईना. मी हाक मारली, तर आतून आवाज आला, "आई, हे सगळं बाजूलाच का उघडतं? वर उघडलं तर?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. राणीला बोलावलं.

"वर कायकू? बारिश आत येईल ना!" ती म्हणाली, पण हात यंत्राकडे गेलेच.

पहिल्यांदा जोडलेली खिडकी धाडकन खाली आली. दुसऱ्यांदा तिने तग धरला. दोरी ओढली तशा वरच्या चौकटी एकेक करून उलगडल्या आणि आत उजेड उतरला. तो आकार वेशीचा नव्हता, विहाराचाही नव्हता. त्याला काय म्हणावं, यावर आम्ही तिघं वाद घालत बसलो. बिल्डरचा माणूस चहा पिऊन कधी निघून गेला, कळलंही नाही.

म्हणून हे काम आता राणी आणि अनिकेत, दोघांच्या सामाईक मालकीचं. घर विकलं गेलं तर ते राणीच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत हलवावं. तिने होकार दिला आहे.

५. माझी आठवण म्हणून ते होतं तसं ठेवू नये. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या लोकांनी जेवणाआधी गच्चीवर जावं आणि हवं तसं ढकलावं. काही मोडलं तर राणी बघून घेईल.

त्याचं पुढे काय होईल, याचा मला आजही अंदाज नाही. मेल्यावर ते बघायला मला पुन्हा गच्चीवर येऊ देणार नाहीत, एवढी एक तक्रार इथे नोंदवून मी सही करते.

सही: गीता प्रज्ञेश वाघमारे

आमच्यादेखत वाचून, समजून सही केली:
१. लक्ष्मणराव शिंदे, शेजारी
२. डॉ. त्रिवेणी जाधव

अंबरपेठ, हैदराबाद
दिनांक ९ फेब्रुवारी २०२५