सोनालीचं नाव पटावर आहे, दादा

प्रिय दादा,

कापूरहोळहून पुण्याला जायचं-यायचं एसटीचं तिकीट, कॉलेजच्या दारातला एक बेचव चहा आणि काही दिवस बंद राहिलेलं माझं टायरचं दुकान. तुमच्या सोनालीचं शिक्षण वाचवायला रोख खर्च आला तो एवढाच. बाकीचा कमरेनं सोसला, तो पुढं सांगतो.

पितृपंधरवडा लागलाय. काल दुपारी दुकानात जरा डोळा लागला, तर तुम्ही टायरांच्या थप्पीवर बसलेले. पोटऱ्यांना चिखल, अंगावर घोंगडी, आणि तुमच्या मागं हायवेच्या जागी गुंजवणी नदीचं पाणी, त्यावर धुकं. ट्रक त्या पाण्यावरून आवाज न करता चालले होते. तुम्ही नुसते माझ्याकडं बघत राहिलात. काय विचारायचं होतं ते मला कळलं. म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वर्षीच्या आषाढात तुमच्यानं उठवत नव्हतं. सगळी वस्ती तुमच्या खाचरात उतरली आणि दोन दिवसांत लावणी करून मोकळी झाली. आपली सावडच तशी, आज सगळे तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. तुम्ही बांधावर बसून रोपांकडं बघत होतात, जणू कुण्या दुसऱ्याच गावचं शेत आहे. मग दिवाळीनंतर तुम्ही गेलात. पण जाताना लेकीला का सांगितलंत, सावड अंगावर ठेवू नको म्हणून? मला सांगायचं होतंत की! मी काय परका होतो?

पोरीनं ते मनावर घेतलं. यंदा आषाढ लागायच्या आधी तिचा फोन आला, हसत हसत बोलत होती. दादा, धावत्या ट्रकच्या आवाजावरून कुठलं चाक बसतंय ते मी सांगतो. हे खोटं हसू मला ऐकू येणार नाही होय? विचारलं, काय गं, रडलीस का? मग निघालं सगळं. कॉलेजातून नाव काढायचा अर्ज लिहून तयार होता. या वर्षी घरी राहायचं, वस्तीची गेल्या सालची सावड फेडायची, वैनीला हात द्यायचा आणि पुढच्या वर्षी परत जायचं.

म्हटलं, अगं, सरकार तुझी फी भरतं, वसतिगृहाचा भत्ता देतं, त्याचं काय?

तर म्हणाली, "काका, आपल्यात माणूस गेलं तर त्या घराची पाळी पुढल्या साली धरतात न्हवं? कॉलेजबी धरंल की. बापच गेलाय माजा."

आपल्या वस्तीत जन्मलेल्या माणसाला हेच सुचणार. मलाही क्षणभर पटलं. तरी तिला म्हटलं, अर्ज दोन दिवस पिशवीत ठेव, मी येतो.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंना मी सावड समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, काका, तुमच्या वस्तीला माणसं ओळखतात, आमच्या कॉम्प्युटरला फक्त हजर आणि गैरहजर कळतं. मग त्यांनी एकेक सांगितलं. मध्येच नाव काढलं की शिष्यवृत्ती तिथंच थांबते. वसतिगृहाची खोली दुसऱ्या मुलीला जाते. सरकार जी फी भरणार होतं ती आता घरच्यांवर येते, आणि ती चुकती होईपर्यंत दहावी-बारावीचे मूळ दाखले अडकून राहतात. पुढच्या वर्षी परत आलीच, तर खंड का पडला याचे कागद जोडा, नवा अर्ज करा, आणि मंजूर होईलच असं कुणी छातीठोक सांगणार नाही. "पाळी राखून ठेवायची सोय नाही हो आमच्याकडे," असं म्हणताना त्यांचाही आवाज जरा उतरला.

सोनाली माझ्या शेजारी उभी होती. तिनं अर्ज पुन्हा पिशवीत घातला. पण बाहेर आल्यावर तुमची आठवण काढून म्हणाली, मग आप्पांना काय तोंड दाखवू?

ते मला लागलं, दादा. मी तसाच वस्तीवर गेलो. सगळ्या वस्तीची सावड तोंडपाठ असलेली भिकाआत्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती. सगळं सांगितलं. तिनं मान वर न करताच विचारलं, "सावड घराची आस्ती का पोरीची?"

म्हटलं, घराची.

"मंग घरात काय ती येकलीच हाय? तू रं कोन?"

झालं! लावणीला मीच गेलो. दुकानाचं शटर ओढलं, पँट गुडघ्यावर दुमडली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना ठणकावून सांगितलं, हसू नका, याच चिखलात वाढलोय, हात विसरत नसतात. पाऊस बारीक पडत होता, राजगडाचा माथा ढगात होता, आणि वाकलेल्या माणसांत मला सारखं वाटायचं, त्या टोकाला पाठमोरे आहात ते तुम्हीच. दोनदा हाक मारायला तोंड उघडलं. तुम्ही वळून बघितलं असतंत का हो?

सोनाली त्या दिवशी वर्गात बसली होती. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. यावेळचं हसू खरं होतं. मला कळतं.

तेव्हा आता काळजी नको. तिची पदवी होईपर्यंत आपल्या घराची सावड माझ्याकडं. दर आषाढात शटर बंद, आणि मी हजर. हा माझा शब्द.

आणि तुमच्यापासून काय लपवायचं? वैनी सांगत नव्हती, भिकाआत्यानं सांगितलं. मी लावलेल्या सगळ्या ओळी दुसऱ्या दिवशी बायकांनी उपटून परत लावल्या.

तुमचा धाकटा,
बाळू